रोल संपेपर्यंत

दिवाळीआधी भाजी आणायला म्हणून निघाले आणि चुकून कडोदऱ्याच्या बसमध्ये बसले. तेव्हापासून माझा मुलगा प्रवीण लूमच्या कारखान्यात कामाला जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो. गोडादऱ्यातली आमची गल्ली मी सहा महिने तिसऱ्या मजल्यावरूनच पाहत होते. मागच्या गल्लीतली उषाबाई, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, दुसऱ्या दिवशी सकाळी कायमची शिरपूरला निघणार होती. मला एकदा तिला भेटायचं होतं.

त्या दुपारी नात गायत्रीने कॉलेजातून येऊन तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, ती फिल्मचा रोल घेऊनच आली. यांचा जुना कॅमेरा तिने पेटीतून काढला होता. हे असताना रविवारी लूमवरच्या माणसांचे फोटो काढत, ते फोटो मग खान्देशात त्यांच्या घरी गावोगाव जात. रोल भरायचं काम माझं असे.

"तू राहू दे आजी, मी व्हिडिओ पाहिलाय," म्हणत गायत्रीने रोल भरला, झाकण लावलं आणि कॅमेरा माझ्यावर रोखला. "अगं, तू दोन-दोन दिसतेस!"

"मधल्या पिवळ्या चौकोनात बघ. भिंगाची कडी फिरव. दोघी एक झाल्या की दाब."

"होतच नाहीत एक."

"हातभर अंतरावर कशा होतील? तीन फूट तरी लागतात. आणि या खोलीत उजेड कुठाय? उषाबाईच्या ओट्यावर बघ कसं ऊन असतं."

ती घुटमळली. "पप्पांनी तुला खाली न्यायला ना पाडलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फक्त रोल संपेपर्यंत हं. छत्तीस झाले की परत."

जिन्यातच तिने पहिला फोटो काढला आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाची खुंटी हलली नाही. रोल नीट अडकला असेल तर खटक्याबरोबर ती फिरतेच. म्हणजे फिल्मची जीभ, तिचं पुढचं टोक, आतल्या फटीतून सुटली होती, आणि असा रोल कधीच संपत नाही. मी गप्प बसले.

साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो, रसाची गाडी, मी. तिने सगळ्यांचे फोटो काढले.

उषाबाई ओट्यावर बोचकी बांधत होती. "इतला दिन कोठे व्हती व माय? जेलमा?"

"तसंच समज," मी म्हणाले. आम्ही हसलो, मग जरा रडलोही. तिने चहा ठेवला. गायत्री खटके ओढतच होती.

"आजी, एकोणचाळीस झाले! संपतच नाही हा."

"दोन-चार जास्तीचे निघतात," मी म्हणाले. उषाबाईने दुसऱ्यांदा चहा ठेवला.

मग उषाबाईने केस सारखे केले, पदर डोक्यावर घेतला आणि मला चिकटून बसली. "पोरी, आम्हना दोन्हीस्ना फोटू शिरपूरले धाडजो. तठे मना वळखीनं कोनी नही."

तिने माझा हात धरला. मी चहाचा कप खाली ठेवला.

"गायत्री, मागचं झाकण उघड."

"वेडी आहेस का? उजेड लागून सगळे फोटो जातील!"

"जायला आत काही आलेलंच नाही."

तिने झाकण उघडलं. फिल्मची जीभ डबीच्या तोंडाशी तशीच होती. चाळीस फोटोंपैकी एकही नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"जिन्यापासून."

उषाबाई खोकला येईपर्यंत हसली. गायत्री हसली नाही. मी जीभ फटीत घातली, दोन वेढे दिले, झाकण लावलं. खटका ओढला तशी खुंटी फिरली. गायत्रीने कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ कडी फिरवली आणि एकच फोटो काढला.

"अजून एक घे ना," मी म्हणाले.

"नाही. चल."

येताना तिने माझं मनगट धरलं होतं. मला घरात सोडून ती क्लासला निघाली.

"सकाळी तिच्या गाडीपर्यंत नेशील? पाच मिनिटं?"

तिने बाहेरून जाळीचं दार ओढून घेतलं. आजवर ती कुलूप नुसतं अडकवून जायची. आज तिने ते दाबून लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.