दारापासून तिसरा पडदा

टकळीला गप्प बसवणं म्हणजे चालू पंख्याला फिरू नकोस म्हणण्यासारखं होतं. नाव आजोबांनी ठेवलेलं, ती बोलायला लागली त्याच वर्षी. आता ती कॉलेजात जायच्या वयाची झाली होती, पण नाव बदलावं असं घरात कुणाला वाटलं नाही.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. बाहुल्या बऱ्या करून झाल्या, मग तिने शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला. या सुट्टीत गावातल्या मोठ्या हॉस्पिटलने भावी डॉक्टरांसाठी शिबिर काढलं आणि तिचा त्यात नंबर लागला. मुलं नाडी बघायला शिकली, केळ्याच्या सालीला टाके घालायला शिकली, आणि प्रत्येक प्रश्नाला टकळीचा हात सगळ्यांत आधी वर. गाडी अडली ती एकाच ठिकाणी. पेशंटचं बोलणं तिच्याने ऐकून घेववत नसे.

"अगं, त्या बाई गुडघ्याचं सांगत होत्या," शिबिर चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "तू मध्येच त्यांना पोट साफ होतं का विचारलंस."

"पण मला वाटलं..."

"तेच तर. तुला काही वाटायच्या आधी त्यांना बोलू दे."

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. पडद्यांआड खोटे पेशंट बसणार होते, म्हणजे हॉस्पिटलातलीच हौशी मंडळी. त्यांना आजार आधी पढवलेला. मुलांनी विचारपूस करून तो ओळखायचा. पास होतील त्यांना वर्षभर दर शनिवारी डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरायला मिळणार होतं. टकळीचा सगळा जीव त्या शनिवारांत अडकला होता. बाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "पेशंटला एकदा जरी मध्ये तोडलंस, तर मी तुला वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही."

परीक्षेच्या दिवशी सकाळी आजोबांनी तिच्या हातावर पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या. "गालात धर. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

आई तेवढ्यात स्वयंपाकघरातून आली. कोपऱ्यावर केस कापायचं तिचं छोटंसं दुकान होतं. "अगं, माझ्या या बोटांना ना, कात्री धरली की..."

"कॅल्शियम कमी पडतंय, आई. दूध पीत जा," चपलेत पाय सरकवत टकळी म्हणाली. आईने मान डोलावली आणि डबा तिच्या हातात दिला.

हॉलच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. "तुझा पडदा तिसरा. आणि मोजायचं ते..."

"कळलं, सिस्टर," म्हणून टकळी आत शिरलीसुद्धा. मोजायचं होतं खिडकीपासून. हिने मोजलं दारापासून.

पडद्यामागे कॉटच्या कडेवर एक वयस्क गृहस्थ बसले होते. खिशात टेस्टर, खांद्याला वायरचं वेटोळं. वायरमनचं सोंग, टकळीने मनात म्हटलं, आणि काय हौसेने केलंय. तिने गोळी गालात धरली, स्टुलावर बसली आणि 'बोला' अशी मान हलवली.

त्यांनी तिच्या अंगातल्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं. "काही नाही, जरा टेकलोय. पंखा काढायला शिडीवर चढलो आणि छातीवर कुणी पोतं ठेवल्यागत झालं. ॲसिडिटी असेल."

टकळीच्या अगदी ओठांवर तेच आलं होतं. तिने गोळी या गालातून त्या गालात नेली.

"पण हा डावा हातही भरून आलाय," ते जरा थांबून म्हणाले. "जबडा ठणकतोय. सकाळी जिन्यातही झालं होतं असं. बायकोला बोललो नाही, ती घर डोक्यावर घेते." पुन्हा थांबले. टकळीकडे आता निदान तयार होतं आणि ते बाहेर पडायला धडपडत होतं. पण तिने दात आवळून धरले. मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगू, ताई? मला भीती वाटतेय."

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून गुडघ्यावर पडला. टकळीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ती बाईंच्या टेबलाशी गेली. "बाई, तीन नंबरच्या पेशंटना हार्ट अटॅक असावा. आणि काम काय झकास करतात हो ते, घामसुद्धा आणला!"

बाईंनी मान वर केली नाही. "तीन नंबरला पोटदुखी आहे. आणि ती माझी नणंद आहे."

बोलता बोलताच त्यांची मान वर झाली. मग बाई खुर्ची पाडून धावल्या. टकळीने गोळी तशीच गिळून टाकली आणि त्यांच्यामागे पळाली.

पुढे एकच धांदल उडाली. स्ट्रेचर आलं, ईसीजी निघाला, वायरमनकाकांना वर नेलं. या सगळ्यात नणंदबाई खिडकीजवळ पोट धरून एकट्याच कण्हत होत्या. शेवटी वैतागून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला कुणी बघणार आहे का, की मी जेवायला जाऊ?"

टकळी बाकावर बसून रडत होती. एक माणूस घाबरून बसला होता आणि ती त्याच्या अभिनयाचं कौतुक करत होती. वॉर्डातले शनिवार गेले, आणि जायलाच हवे होते असं तिला मनापासून वाटत होतं.

दुपारी बाई खाली आल्या. "ते आता ठीक आहेत. वेळेवर कळलं. तू पडदा चुकलीस."

"हो."

"सिस्टरचं वाक्य पुरं ऐकलं नाहीस."

"हो."

"खरा माणूस तुला नट वाटला."

"हो."

बाई तिच्या शेजारी बसल्या. "त्यांनी आज आमच्यातल्याच दोघांना सांगायचा प्रयत्न केला होता. दोघांनी मध्येच ॲसिडिटीची गोळी सांगितली. वायरमनकाका म्हणाले, त्या पोरीने अडवलं नाही, म्हणून सगळं बाहेर आलं." मग उठता उठता म्हणाल्या, "शनिवारी ये. बूट घालून ये, चपला फार वाजतात तुझ्या."

घरी आल्यावर टकळीने हे सगळं आजोबांना दोनदा सांगितलं. मग एक गोळी गालात टाकून ती आईसमोर जाऊन बसली. "आई, सकाळी बोटांचं काय म्हणत होतीस?"

"कात्री धरली की बधिर होतात," आई म्हणाली आणि सवयीने थांबली. कुणी मध्ये बोललं नाही. तिने गोंधळून आजोबांकडे पाहिलं.

"बोल की," आजोबा म्हणाले. "आज रस्ता मोकळा आहे."

आई हसली. मग तिचा आवाज जरा बदलला. "बरेच दिवस झाले गं. परवा कात्री हातातून निसटली, अगदी गिऱ्हाइकाच्या कानाजवळ. तेव्हापासून धास्ती बसलीय. दुकान बंद करावं लागलं तर मी करू काय?" आणि मग ती बोलतच राहिली. गोळी केव्हाच विरघळली होती. टकळी तरी गप्प होती.

आईचं अगदी पुरं झाल्यावर टकळीने तिची बोटं हातात घेतली. "मला माहीत नाही, आई, हे कशाने होतंय. उद्या बाईंकडे जाऊ. त्यांना असंच सगळं सांग."

टकळीच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं, आणि आईला तेवढ्यानेच निम्मं बरं वाटलं.