अर्धेलीची काकवी

देवळाली प्रवराच्या आसपास शेळी अर्धेलीने देतात. ज्याच्याकडे जनावरं जास्त आणि हात कमी, तो एखादी लहान शेळी ओळखीच्या घरी देऊन टाकतो. ते घर तिला वाढवतं, तिचं आजारपण काढतं. ती व्याली की करडं निम्मी-निम्मी. शेळी मात्र कायम देणाऱ्याची राहते. सगळा व्यवहार तोंडी.

राहात्याच्या रशीदभाईंनी हीच रीत कुत्र्यांना लावली. त्यांचा लॅब्रॅडोरची पिल्लं विकण्याचा धंदा होता आणि जागा थोडी होती. चांगल्या माद्या त्यांनी विश्वासाच्या घरी ठेवल्या. त्यातलं एक घर स्टेला आणि गिदोन साळवे यांचं. गिदोन साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, तेव्हापासूनची ओळख.

पिल्लू आलं ते एलिझाबेथच्या लग्नाच्या महिन्यात. एकुलती मुलगी नाशिकला गेली होती आणि दोन खोल्यांचं घर एकदम मोठं वाटत होतं. पिल्लाचा तांबूस तपकिरी रंग बघून गिदोन म्हणाला, "ही तर काकवी. अजून जरा उकळली असती तर गूळ झाला असता." तेच नाव राहिलं.

गळीत हंगामात त्यांच्या दारावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या. वळणावर एखादं टिपरू पडायचंच. काकवी ते तोंडात धरून अंगणात आणायची, पुढच्या दोन पायांत पकडून तासभर चावायची आणि चोथा टाकून द्यायची. तिचे दात त्यामुळे पांढरेशुभ्र राहिले.

पिल्लं तिला चार वेळा झाली. चारही वेळा गिदोनच्या खाटेखाली, गोणपाटावर. वेळ जवळ आली की ती स्टेलाच्या मागे मागे फिरायची, आणि स्टेला शेजारी बसून पाठीवर हात ठेवेपर्यंत आडवी व्हायची नाही.

रशीदभाई वारले आणि धंदा मुलाकडे, परवेझकडे आला. डिसेंबरच्या सुरुवातीला तो टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. सोबत त्याचा ड्रायव्हर छगन.

"मावशी, काकवीला पंधरा-वीस दिवस न्यावं लागतंय," परवेझ म्हणाला. "नोंदणीशिवाय आता पिल्लू विकता येत नाही. तपासणी आहे. सगळ्या माद्या एका जागी दाखवायच्या, पिंजऱ्याची मापं, मोकळं अंगण, डॉक्टरचा दाखला, सगळं बघणार. घरोघरी ठेवलेलं त्यांना चालत नाही."

"आणि तुझ्या अब्बांनी दिलेला शब्द?"

"शब्द आहेच की. पण शब्दाला त्यांच्याकडे रकाना नाही, मावशी."

त्याचा फोन वाजला आणि तो बाजूला गेला. छगनने टेम्पोत पोतं अंथरलं. "रडू नका मावशी. टाइल्स लावलेली खोली मिळनार हाय हिला. माझ्या घरी न्हाईत टाइल्स." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर आठ वर्सांच्या वरच्या ठेवू देत न्हाईत म्हनं. सरकार घेऊन जातंय."

"कुठं?"

छगनने अंगठ्याने हवेत सुई टोचल्यासारखं केलं आणि हसला. कुठल्याही गोष्टीची अशीच मजा करायची त्याची सवय होती.

स्टेला हसली नाही. कोंबड्यांची साथ आली होती, तेव्हा पांढरे कोट घातलेली माणसं गल्लीत आली होती. तिच्या कोंबड्या धडधाकट होत्या, अंडी देत होत्या. तरी संध्याकाळपर्यंत एकही उरली नव्हती. नियमच तसा आहे, असं त्या माणसांनी नीट बोलून सांगितलं होतं.

काकवीला ऑक्टोबरातच आठ पूर्ण झाली होती. परवेझला ते माहीत नव्हतं. पिल्लू दिलं तेव्हा तो पुण्यात शिकत होता. त्याला विचारावं असं स्टेलाला वाटलं, पण विचारलं असतं तर वय उघड झालं असतं.

तपासणीच्या दिवशी ती आणि गिदोन एसटीने राहात्याला गेले. काकवी परक्याला तोंडाला हात लावू देत नाही, हे कारण खरंच होतं.

परवेझने काम चांगलं केलं होतं. शेड हवेशीर होती, फरशी धुता येणारी, पाणी स्वच्छ. तपासणीला आलेल्या डॉक्टर धनश्री वयाने एलिझाबेथएवढ्या असतील. त्या प्रत्येक पिंजऱ्याची लांबी-उंची टेपने स्वतः मोजत होत्या आणि एका ठिकाणी माप कमी भरलं तेव्हा त्यांनी परवेझला तो पिंजरा रिकामा करायला लावला. अंगात पांढरा कोट होता.

काकवीने स्टेलाला बघून अख्खं अंग हलवलं. स्टेलाने तिचा जबडा उघडून धरला.

"दात फारच छान आहेत," धनश्री म्हणाल्या.

"ऊस खाती ती."

"ऊस?" त्यांना गंमत वाटली. "चावते की गिळते?"

"चावती. चोथा थुकती. आमच्या ह्यांच्यासारखीच."

धनश्री हसल्या. मग त्यांनी छोट्या बॅटरीचा उजेड काकवीच्या डोळ्यांत टाकला आणि थोडा वेळ तसाच धरला. "डोळ्यात निळसर झाक दिसते. ही सहा-सातनंतर यायला लागते. वय किती हिचं?"

"आमचे अब्बा देऊन गेलेले," परवेझ म्हणाला. "मावशींना माहीत."

"पाच," स्टेला म्हणाली.

"नक्की? मोठ्या कुत्र्याचं वय दातांवरून नेमकं सांगता येत नाही, आणि हिचे दात तर उसाने घासलेले. तुम्ही वाढवलंय. तुम्ही सांगाल तेच लिहिणार मी."

"पाचच."

गिदोन दाराबाहेर बघत राहिला.

धनश्रींनी पेटीतून जाड सुई काढली. ती काकवीच्या मानेजवळ नेताच स्टेलाने त्यांचं मनगट धरलं. "काय करताय? पाच म्हटलं ना मी!"

"अहो मावशी, चिप आहे ही," धनश्री चकित होऊन म्हणाल्या. "तांदळाच्या दाण्याएवढी. कातडीखाली राहते. हिचा नंबर, हिची माहिती, त्यावरून कळतं. बाकी काही नाही."

स्टेलाने हात सोडला, पण सुई बाहेर येऊन काकवीने अंग झटकेपर्यंत ती तिथून मागे सरली नाही. डॉक्टरांनी यंत्र मानेवरून फिरवलं. ते टिक करून वाजलं.

परतताना एसटीत गिदोन म्हणाला, "म्हणजे पाच वर्षांपूर्वी एलिझाबेथचं लग्न झालं म्हण की. जावई अजून नवाच हाय."

"गप बसा हो."

"आणि रविवारी प्रार्थनेला देवळात देवाला काय सांगशील?"

"सांगीन. त्याला कळतं," स्टेला म्हणाली. ती त्या दिवशी खुशीत होती. जीव वाचवून आली होती.

नाताळला करंज्या झाल्या. काकवीसाठी दोन बिनसाखरेच्या बाजूला ठेवल्या गेल्या आणि मऊ पडल्या. पंधरा-वीस दिवस म्हणता महिना उलटला, तेव्हा स्टेला साखळी आणि पट्टा घेऊन एकटीच राहात्याला गेली.

परवेझने खुर्ची दिली, चहा मागवला. "मावशी, नेता येणार नाही. तिची नोंद इथली झालीय. परत कधीही तपासायला येतील. तिला आता इथंच ठेवायला लागतं."

"किती दिवस?"

"आठ पूर्ण होईपर्यंत. म्हणजे अजून तीन वर्षं. आयुष्यात पाच वेळा पिल्लं चालतात, तिची चार झाली. एक वेळ राहिलीय. आठ झाली की तिला मोकळी करायची, कुणाच्या तरी घरी द्यायची. तसा नियमच आहे. मी तुमच्याशिवाय कुणाला देणार?"

"मोकळी करायची? म्हणजे न्हेत न्हाईत?"

"कोण नेतं?"

स्टेलाने चहाचा कप खाली ठेवला. "ती आठचीच आहे, परवेझ. एलिझाबेथच्या लग्नातली."

परवेझने आपलाही कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मावशी, तिला क्रॉस लावलाय. गाभण आहे ती."

दोघं तसेच धनश्रींकडे गेले. स्टेलाने सगळं सांगितलं. छगनचा अंगठा, कोंबड्या, सगळं. धनश्रींच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"तो नियम तिच्यासाठीच होता, मावशी," त्या म्हणाल्या. "या वयात गर्भपिशवीला जोर राहत नाही, म्हणून. मला वाटलंच होतं डोळे बघून." त्या थांबल्या. "आता पोटातलं काढायला जाणं जास्त धोक्याचं आहे. पिल्लं होऊ देऊ. नंतर काकवी तुमच्याकडे. मी तसं लिहून देते, परवेझभाई सही करतील."

"लगेच करतो," परवेझ म्हणाला.

"बाळंतपणाला घरी न्हेऊ का? तिला खाटेखाली लागतं," स्टेलाने विचारलं.

"नको. काही अडलं तर इथे टेबल आहे, उजेड आहे, औषधं आहेत. मी अर्ध्या तासात पोचते. देवळालीला तुम्ही काय करणार?"

सही झाली.

फेब्रुवारीत एका सकाळी छगनचा फोन आला. "मावशी, या लवकर. काकवी बसंना. फरशी उकरतीया नुसती."

स्टेलाने खाटेखालची गोणपाटं गुंडाळून काखेत मारली. "आज तिला घेऊनच येते," ती दारातून गिदोनला म्हणाली. "पिल्लं चालती झाली की मागनं येतील."

"पिल्लांना आईशिवाय कसं ठेवतील?"

"मग सगळ्यांनाच आणते."

राहात्याला काकवी खरंच फरशी उकरत होती. नखांनी काही उकरलं जात नव्हतं, फक्त आवाज होत होता. रबरी चटई तिने कोपऱ्यात ढकलली होती. स्टेलाने गोणपाट पसरलं, खाली बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. काकवीने गोणपाटाचा वास घेतला, एक गोल फेरा मारला आणि आडवी झाली.

तीन पिल्लं नीट आली. ती काकवीने चाटून कोरडी केली. मग कळा थांबल्या. पोटात अजून होतं, हे हाताला कळत होतं. धनश्री आल्या, त्यांनी इंजेक्शन दिलं, वाट पाहिली, पुन्हा दिलं. काकवी स्टेलाकडे बघत होती. त्या नजरेत तक्रार नव्हती, पुढे काय करायचं ते स्टेलाने सांगावं, एवढंच होतं.

"उघडावं लागेल," धनश्री म्हणाल्या.

चौथं पिल्लू जिवंत निघालं. पाचवं आधीच गेलेलं होतं. रक्त थांबेना. धनश्रींनी जे जे करता येतं ते सगळं केलं, आणि भूल उतरायच्या आधीच काकवी गेली. टेबल होतं, उजेड होता, औषधंही होती.

छगन बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दिवशी त्याने एकही गंमत केली नाही.

मेलेल्या जनावराची चिप वाचून नोंद करावी लागते. धनश्रींनी हात धुतले, यंत्र आणलं आणि काकवीच्या मानेवरून फिरवलं. ते तसंच टिक करून वाजलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्टेलाकडे.

"आठ लिहा," स्टेला म्हणाली. "आठ वर्सं चार महिने."

धनश्रींनी तसं लिहिलं.

चार पिल्लं दिव्याखाली टोपलीत होती. परवेझ त्यांच्याजवळ उकिडवा बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मावशी, वरचं दूध पाजून वाढवतो मी यांना. मोठी झाली की दोन तुमची. अब्बांचा शब्द आहे."

"अर्धेलीत आई देणाऱ्याची असती ना रे?"

"हो."

"मग चारही तू ठेव. मला ही दे."

परवेझने मान हलवली. त्याने आणि छगनने मिळून काकवीला गोणपाटात गुंडाळलं. छगनने टेम्पोचा मागचा फाळका उघडला. स्टेला पुढे बसली नाही. मागे, तिच्याजवळ बसली.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या लागल्या. छगन त्यांच्या मागे हळूहळू चालवत राहिला, ओव्हरटेक केलं नाही.

ऊन उतरलं होतं. टेम्पोचा आवाज ऐकून गिदोन दारात आला. त्याने खाटेखाली नवं गोणपाट पसरलं होतं. हातात वळणावरून उचलून आणलेलं, सोललेलं टिपरू होतं.

"आली का?" त्याने विचारलं.

"आली," स्टेला म्हणाली, आणि त्याने फाळक्याच्या आत बघेपर्यंत गोणपाटावर हात ठेवून बसून राहिली.