मे महिन्यातला स्वेटर

मित्रांनो, मी आहे एक जुना स्वेटर, आणि राहतो नवी मुंबईतल्या उलव्याला. हसलात ना? इथे जानेवारीतही पंखा बंद होत नाही. लुधियानाच्या यंत्रावर विणला गेलो तेव्हा वाटलं होतं, आपण बर्फ बघणार. पण पनवेलच्या पदपथावरून धनेशने मला बायकोसाठी, रंभासाठी, घेतलं. महाबळेश्वरला दोन दिवस माझं फार कौतुक झालं. मग कपाट.

गेल्या मे महिन्यात रंभा मला अचानक रोज घालू लागली. मी फुशारलो. पण बाही चढताना तिच्या दंडावर दातांचे व्रण दिसले. तिची नऊ वर्षांची लेक समीक्षा फारशी बोलत नाही. समोरच्या बांधकामावर ड्रिल सुरू झालं, की ती कान दाबून रडते आणि जवळ आलेल्या आईलाच मारते, चावते. आईवर तिचा राग नसतो; तो आवाज तिला सहन होत नाही. रंभाला हे ठाऊक होतं. पण लोक पोरीला वेडी म्हणतील या भीतीने तिने धनेशलाही कमीच सांगितलं होतं. व्रण झाकायचं काम माझ्याकडे आलं. मला स्वतःची लाज वाटली.

एके दिवशी तळमजल्यावरच्या कमळाबाई वर आल्या.

“रंभे, एवऱ्या गरमीन स्वेटर कनाला गो?”

रंभाने माझी बाही वर सारली. “समीक्षा चावते, मावशी. मी दमले आता. कुनाला सांगू?”

“आमाला सांगाचा नाय, त कुनाला?”

दुसऱ्या दिवसापासून कमळाबाई ड्रिल सुरू व्हायच्या आत समीक्षाला आपल्या मागच्या खोलीत नेऊन भिजवलेले वाल सोलायला बसवतात. ते काम तिला जाम आवडतं. तेवढा वेळ रंभा झोपते. रंभाने धनेशलाही सगळं सांगितलं. ती पनवेलला ज्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली, त्यांनी त्यालाही बोलावून शिकवलं, की पोरीने कान दाबले की खिडकी लावायची, कमी बोलायचं, दोन पावलं मागे सरायचं. आणि एकट्याने मार सोसत राहायचं नाही. अजून कधीतरी चापट बसते. तेव्हा रंभा जिन्यातून हाक मारते आणि मावशी येतात.

परवा भाचीच्या हळदीला रंभा अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून गेली. धनेश लेकीजवळ थांबला. परत आल्यावर ती त्याला सांगत होती, ते मी कपाटातून ऐकलं. “हाताचं काय झालं, असं विचारलं एकीनं. मी सरळ सांगितलं, लेक चावायची. आता मदतीला मानसं हायेत.”

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं उलट आहे. भर उन्हात कुणी अंग झाकून दिसलं, तर जवळ जाऊन विचारा. आणि नुसतं विचारून परतू नका, त्यांच्या लेकराजवळ तासभर बसा. मला खुशाल कसर लागू द्या.