बदामाची राणी कुणाकडे

डॉक्टरची मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, "काका, तुम्ही सांगाल ते मी मानेन."

हे वाक्य बाईमाणसाने मला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकवलं, त्यामुळे मी आधी घाबरलो. मग तिने कारण सांगितलं आणि आणखी घाबरलो. तिला परदेशातली नोकरी लागली होती. आता प्रश्न बापाचा. बाप दोनदा गॅस पेटवून, वर पातेलं न ठेवताच क्लबात निघून आला होता. तपासणीला न्यावं, तर मोठ्या डॉक्टरांशी गोड बोलून, त्यांच्याच दातांचं निदान करून परत येत होता. चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडायला लावलेला माणूस, स्वतःचं कशाला उघडेल?

"घरी एकटे राहू शकतील, की त्या वृद्धांच्या केंद्रात ठेवू? बघून आलेय मी. स्वच्छ आहे, बाग आहे. पण पत्ते खेळणारं कुणी नाही तिथे. बाबा पत्त्यांशी खोटं बोलत नाहीत, काका. पत्ते मोजता येतायत का, एवढंच बघा. मी रविवारी पाचला येते."

एकतीस वर्षं मी डॉक्टरचा ब्रिजमधला जोडीदार. एवढा काळ मी बायकोचाही जोडीदार होतो, पण तिथे गुण लिहून ठेवत नसत. डॉक्टरची ख्याती एकच. तो मोजायचा. चार हात खेळून झाले की समोरच्याच्या हातात काय उरलंय, हे समोरच्याच्या आधी त्याला कळायचं. "अंदाज बांधायला डोकं लागत नाही," तो म्हणायचा, "तुझ्यासारखे लोक बांधतातच की." मी हवामान खात्यातून निवृत्त झालो, हे त्याने मला कधी विसरू दिलं नाही.

रविवारी आमच्या डावीउजवीकडे, म्हणजे विरुद्ध बाजूला, लाकडाची वखार चालवणारा आणि त्याची मोठी वहिनी होती. ही वहिनी निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे तिला बाई म्हणत. बाईंसमोर पत्ता टाकतानाही माणसाला गृहपाठ दाखवल्यासारखं वाटतं.

साडेचारला तो डाव आला. वखारवाल्याने बोलीतच तीन किलवर अशी उडी मारली. म्हणजे हातात किलवर भारंभार, बाकी ठणठणाट. तरीही डॉक्टर चढत चढत सहा इस्पिकपर्यंत गेला. सहा म्हणजे स्लॅम. तेरापैकी बारा हात घ्यायचे, एकच सोडायची मुभा. खेळणारा डॉक्टर, आणि मी डमी. डमीने पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि तोंड मिटून बसायचं. माझे पत्तेही डॉक्टरच खेळणार.

सुरुवात झकास झाली. दोन फेऱ्यांत त्यांचे हुकूम संपले, दोघांकडे दोन-दोन. मग किलवरचा एक्का वखारवाल्याने मारला. गेला तो आमचा मुभेचा हात. त्याने पुन्हा किलवरच टाकलं, तर बाईंकडे दुसरं किलवर नव्हतंच. माझ्या राजाने तो हात घेतला. चौकटच्या तिसऱ्या फेरीला वखारवाल्याकडे चौकट संपली.

आता उरला एकच प्रश्न. बदामाचा एक्का डॉक्टरकडे, राजा आणि गुलाम माझ्याकडे टेबलावर, आणि राणी गायब. राणी बाईंकडे असेल तर एका बाजूने खेळायचं, वखारवाल्याकडे असेल तर उलट्या बाजूने. चुकलं की स्लॅम बुडाली.

पण हा प्रश्न नव्हताच. ही बेरीज होती. वखारवाल्याचे सात किलवर, दोन हुकूम, दोन चौकट, झाले अकरा. म्हणजे तेरात त्याचे बदाम दोनच, आणि आमचे सहा वजा जाता बाईंचे पाच. सातांतली एक राणी, ती पाचांकडे असणार की दोनांकडे? डॉक्टरने ही बेरीज झोपेत केली असती. मी डमीच्या खुर्चीत बसून मनात ओरडत होतो, "मोज रे, मोज."

डॉक्टर थांबला. डोळे मिटले. बोटं टेबलावर हलली, एक, दोन, तीन. माझ्या जिवात जीव आला. मग बोटं तिसऱ्यावर अडकली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. पुन्हा तीन. पुन्हा एक.

"डॉक्टर, चहा गार होतोय," वखारवाला म्हणाला.

"तुझा एवढा लाकडाचा बाजार गार झाला, चहाचं काय घेऊन बसलास," डॉक्टर म्हणाला. लोक हसले. आणि त्याने आपल्या हातातून छोटं बदाम टाकलं, वखारवाल्याने दुरी टाकल्यावर माझा गुलाम लावला.

उलटी बाजू. सातांतल्या दोनांवर भरवसा. मी बाईंच्या हाताकडे बघत राहिलो. बाईंनी चष्मा सरकवला आणि चौका टाकला.

राणी वखारवाल्याकडे होती.

बारा हात! टाळ्या पडल्या. शेजारच्या टेबलावरचे उठून आले. बाई म्हणाल्या, "कमाल आहे. माझे पाच बदाम तुम्ही मोजले असणार, तरी उलटं खेळलात. कसं काय?"

"अनुभव," डॉक्टर म्हणाला आणि मिशीत हसला. मी खुर्ची जवळ ओढली.

"वखारवाल्याकडे किलवर किती होते रे?"

"किलवर?" त्याने माझ्याकडे प्रेमाने बघितलं. "या डावात किलवर कुठे आलं?"

त्याच सुमारास मुलगी दारात उभी. गर्दी, टाळ्या, मध्ये खुललेला बाप. तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. ती मला खिडकीपाशी घेऊन गेली.

"स्लॅम केली म्हणे बाबांनी! म्हणजे..."

एक "हो" म्हणायचं होतं. सगळा क्लब माझ्या बाजूने साक्षीला उभा होता. माझा जोडीदार राहिला असता, त्याचं घर राहिलं असतं, आणि एक दिवस पातेल्याविना जळणाऱ्या गॅसने ते पेटलंही असतं.

"चुकीचं खेळला," मी म्हणालो.

"पण जिंकले ना?"

"जिंकला. पत्त्यांनी जिंकवलं. त्याने मोजलं नाही, पोरी. तीनच्या पुढे जात नव्हतं."

तिने डोळे पुसले नाहीत. पर्समधून केंद्राचा कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. "पहिल्या तारखेला जागा मिळतेय," ती म्हणाली. "त्यांना तुम्ही सांगाल?"

"मी नाही."

"मग मी सांगते." पण ती हलली नाही.

"अरे, तिच्याशी काय कुजबुजतोयस?" डॉक्टरने टेबलावरून हाक मारली. पत्ते पिसून त्याने गड्डी माझ्या जागेपुढे ठेवली होती. "ये, वाट. आज आपला दिवस आहे."

मी जाऊन बसलो आणि वाटायला लागलो.