रक्तदाब, बाकी काही नाही

चेलोला बर्फ बघायचा होता.

"वाळवंट मला नको दाखवूस, ओफे," मेक्सिकोहून आल्या दिवशीच तिने धाकट्या बहिणीला बजावलं. "हर्मोसियोत दार उघडलं की वाळू घरात येते. तुमच्या डोंगरावर म्हणे मार्चमध्येही बर्फ असतो. तो दाखव."

ओफेलियाने आठवडाभर टाळाटाळ केली. बहिणीला खजुराच्या बागेत नेलं, तिथलं खजुराचं घट्ट मिल्कशेक पाजलं. गुरुवारी संध्याकाळी रस्त्यावर भरणाऱ्या बाजारात फिरवलं, जुन्या नटनट्यांचे बंगले कुंपणाबाहेरून दाखवले. या सगळ्या ठिकाणी नवऱ्याचा हात धरून चालता येत होतं. चेलो डोळे मिचकावून म्हणायची, "काय गं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय!" ओफेलिया हसून वेळ मारून न्यायची.

लाझारोचा हात सोडला की तो चालू लागायचा. जन्मभर त्याने कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जच्या गोल्फच्या मैदानांवर गवत राखलं होतं. मागच्या हिवाळ्यात तो पाव आणायला म्हणून गेला आणि दुपारी एका मैदानाच्या मधोमध सापडला. खेळायला आलेल्या पाहुण्यांना तो दरडावत होता, "गवत ओलं आहे, दिसत नाही का?" डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मुलगी येसेनिया फ्रेस्नोला राहायची. ती फोनवर म्हणाली, "आई, तुझ्याने नाही होणार. इथे माझ्याजवळ एक चांगली जागा आहे, अशा माणसांना नीट सांभाळतात."

"माझा नवरा मी परक्यांच्या हाती देऊ?" ओफेलिया कडाडली. त्या दिवसापासून तिने मुलीला खोटं सांगायला सुरुवात केली. गोळ्या लागू पडल्यात, बाबा आता छान आहेत, आत्ताच अंघोळीला गेलेत, मग बोलतील. चेलो भाचीशी दर रविवारी बोलायची, म्हणून चेलोलाही काही सांगायची सोय नव्हती. लाझारो मुळातच थट्टेखोर. तो काही भलतं बोलला तरी चेलोला ती त्याची जुनी सवयच वाटायची.

शेवटी चेलो रुसली. "मी काही पुन्हा येणार नाही. गुडघे बघतेयस ना माझे?" मग तिघं डोंगरावर न्यायच्या रोपवेला गेली. इतकी वर्षं इथे राहून ओफेलिया आणि लाझारो कधी वर गेले नव्हते. हॉटेलात पाहुण्यांच्या चादरी बदलताना ओफेलियाने त्या बर्फाच्या गप्पा तेवढ्या ऐकल्या होत्या.

खाली उन्हाने कातडी भाजत होती. पाळणा निघाला आणि त्याची जमीन सावकाश गोल फिरू लागली. काचेबाहेर कधी कडा यायचा, कधी खालचं भुरं वाळवंट. खांबावरून जाताना पाळण्याने हेलकावा खाल्ला तेव्हा सगळे प्रवासी हौसेने ओरडले. लाझारोने दांडा घट्ट धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई," तो चेलोला म्हणाला, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

"चंद्रावरच्या!" चेलो खो खो हसली. "ओफे, हा काही सुधारायचा नाही."

ओफेलियाही हसली.

वरच्या ठाण्यात उतरल्यावर गारव्याने अंगावर काटा आला. काचेपलीकडे पाइनची झाडं आणि त्यांच्या बुंध्यापर्यंत चढलेला बर्फ. ओफेलियाने लाझारोला आतल्या बाकावर बसवलं, त्याच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि बहिणीला म्हणाली, "मी बाथरूमला जाऊन येते. तू याच्याजवळ बस."

"का? पळून जाणार आहे का तो?"

"बस गं जरा."

पुढे एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही. पण पुढच्या रविवारचा फोन तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि ती तशीच गेली.

परत आली तर बाक रिकामा. चेलो काचेशी उभी राहून बर्फाचे फोटो काढत होती.

"लाझारो कुठाय?"

"असेल की इथेच. कॉफी आणायला गेला असेल."

ओफेलिया धावत सुटली. उपाहारगृह, दुकान, पुरुषांचं बाथरूम. तिथे ती बेधडक आत घुसली आणि हात धुणारा एक गोरा गृहस्थ दचकून बाजूला झाला. कुठेच नव्हता. मागच्या दारातून एक उतरती फरसबंदी वाट दरीकडे जात होती. तिच्यावरून मुलं घसरगाड्या ओढत चालली होती. वाट संपली की जंगल, आणि जंगलाला अंत नव्हता.

खाली लाकडी खोपटात वनरक्षक होती, हॅस्केल नावाची. तरुण, उंच, मोडकंतोडकं स्पॅनिश बोलणारी.

"मावशी, शांत व्हा. वय किती? कपडे कोणते?"

"एकाहत्तर. निळा स्वेटर. साधे बूट."

"काही आजार? विसरभोळेपणा वगैरे?"

चेलो शेजारीच उभी होती, धापा टाकत.

"रक्तदाब," ओफेलिया म्हणाली. "बाकी काही नाही."

"मग घाबरू नका. धडधाकट माणूस वाट सोडत नाही. फिरून येतील." तरी हॅस्केलने दोन सहकारी पायवाटांवर पाठवले. ते हाका मारत गेले. झाडांमधून "लाझारो! लाझारो!" असं ऐकू येत राहिलं आणि हळूहळू विरत गेलं.

ओफेलिया खोपटाच्या पायरीवर बसून राहिली. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर चढली. सावलीतला बर्फ निळा पडू लागला. माणसं रिकाम्या हातांनी परत आली. तो आपल्या हाकेला ओ देत नाही, हे तिला ठाऊक होतं. घरात मागून हाक मारली तरी तो वळायचा नाही. हे सांगायला हवं होतं. एकदा सांगितलं की झालं, ते त्याला घेऊन जातील. नाही सांगितलं तर? तर तो तिथे कुठेतरी साध्या बुटांत चालतोय.

चेलो तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ओफे, त्याने मला खरंच ओळखलं नव्हतं ना पाळण्यात?"

ओफेलिया बुटावरचा बर्फ झटकू लागली.

"माझ्याकडे बघ. आईची शपथ आहे तुला."

"नव्हतं," ओफेलिया म्हणाली. "तो कधीकधी मलाही ओळखत नाही."

चेलोने कपाळावर हात मारून घेतला. "अगं मग मला सांगायचं! बाकावरून हलले असते का मी? हाताला हात बांधून बसले असते!"

"तू येसेनियाला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

ओफेलिया उठली. ती हॅस्केलपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं बोलली. गोल्फचं मैदान, गोळ्या, गॅस चालू ठेवून बाहेर जाणं, हाकेला ओ न देणं. बोलताना तिचा आवाज वाढत गेला. शेवटी ती हॅस्केलच्या कोटाची बाही धरून ओरडत होती, "मी खोटं बोलले. मला काय हवं ते बोला, पण त्याला शोधा!"

हॅस्केलचा चेहरा कठीण झाला. पण ती रागावली नाही. "अशी माणसं वाटेवर राहत नाहीत," ती सहकाऱ्यांना म्हणाली. "तोंड ज्या दिशेला असेल तिकडे सरळ जातात, काहीतरी आडवं येईपर्यंत. हाका पुरे. झुडपं बघा, पडलेली झाडं बघा." तिने खालून आणखी माणसं मागवली.

"मी पण येते."

"तुम्ही इथेच थांबायचं."

ते थांबणं ओफेलियाला मरणापेक्षा वाईट होतं. तिला माळ जपता येईना, मधलेच शब्द आठवत नव्हते. चेलोने आपली शाल तिच्या पाठीवर टाकली आणि शेजारी बसली. फरसबंदी वाटेवरून पाहुणे परत निघाले होते, गालांना लाली चढलेले. एका बाईने हसत विचारलं, "आमचा फोटो काढता का?" चेलोने तिच्याकडे असं पाहिलं की ती मुकाट पुढे गेली.

अंधारून यायच्या बेतात रेडिओ खरखरला.

तो गोठलेल्या ओढ्याकाठी सापडला. आडव्या पडलेल्या पाइनपाशी त्याची वाट अडली, तिथेच तो बसून राहिला होता. एक बूट ओढ्यात गेला होता. स्वेटर काढून त्याने मांडीवर नीट घडी घालून ठेवला होता. त्याला स्ट्रेचरवर आणलं तेव्हा ओठ जांभळे होते आणि डोळे उघडे.

ओफेलिया त्याच्यावर जवळजवळ कोसळलीच. "म्हाताऱ्या, अरे म्हाताऱ्या माझ्या!"

त्याने तिचा हात झटकला. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून झटकला आणि हॅस्केलची बोटं पकडली. "हिला लांब करा," तो घाबरून म्हणाला. "ही बाई कोण आहे? माझ्या मागे लागलीय."

"लाझारो, मी ओफे..."

तो किंचाळला.

"मावशी," हॅस्केल हळूच म्हणाली, "थोडं मागे राहता?"

पाळणा खाली निघाला. या फेरीला आत बाकी कुणी प्रवासी नव्हते. लाझारो चांदीसारख्या चकचकीत पांघरुणात गुंडाळलेला होता, हॅस्केलचा हात त्याने सोडला नव्हता. ती त्याच्याशी मोडक्या स्पॅनिशमध्ये काहीबाही बोलत होती आणि तो शहाण्या मुलासारखा ऐकत होता. त्याला आपण दिसू नये म्हणून ओफेलिया त्याच्या पाठीमागे उभी राहिली. जमीन फिरत होती, त्यामुळे तिला पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागली. खाली गावाचे दिवे लागले होते. त्यांतला आपल्या घराचा कोणता, हे तिने शोधलंसुद्धा नाही.

खाली रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पायाच्या बोटांचं आत्ताच सांगता येत नाही. चेलोने पिशवीतून फोन काढून बहिणीच्या हातात ठेवला.

"मी लावून देऊ?"

"नको. माझं मलाच बोलायला हवं."

येसेनियाने पहिल्याच घंटेला उचलला. ओफेलियाने काही लपवलं नाही. सांगताना ती रडली नाही, थांबलीही नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तू ती जागा म्हणाली होतीस ना... त्यांना विचार. मीही येईन. मला तुझ्याकडे कोपऱ्यातली एखादी खाट दे."

मुलगी आता शिव्या घालेल, असं ओफेलियाला वाटलं. तेवढ्यासाठी तिने मन घट्ट करून ठेवलं होतं.

"आई," येसेनिया म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंयस का तू?"

तेव्हा मात्र ओफेलिया रुग्णवाहिकेच्या चाकाशी खाली बसली. चेलोने तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि भाचीला म्हणाली, "नाही खाल्लेलं. मी बघते तिच्याकडे. तू नीघ."