दोघांत एक मशीन

“तुमचे आजोबा अविवाहित. आजीही अविवाहित,” ग्रंथपाल बाईंनी जुन्या बोटीची प्रवासी यादी आमच्यापुढे सरकवली. “बोट एकच, पण ते पुरुषांच्या कप्प्यात, त्या बायकांच्या. नातं काहीच नोंदवलेलं नाही.”

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, चष्मा काढून पुसला. काच स्वच्छ असताना ती चष्मा पुसायला घेते, तेव्हा मी एरवी गप्प बसतो. त्या दिवशी बसलो नाही.

“बाई, भर वादळात त्या बोटीचं इंजिन बंद पडलं. आमच्या आजोबांनी सगळ्या प्रवाशांचे पायजमे जोडून शीड शिवलं आणि बोट किनाऱ्याला लावली. त्या गडबडीत कारकून काय नीट लिहिणार?”

“मागच्या वेळी चादरी म्हणाला होतात, काका.”

“चादरी आधी लावल्या. त्या फाटल्या.”

“अरे, तोंड आवर जरा,” ताई म्हणाली.

धक्क्यावर फलक लागायचा होता. बाहेरून येऊन हे गाव वसवणाऱ्यांची नावं त्यावर येणार होती. एकत्र आलेली कुटुंबं एका ओळीत, एकटे आलेले वेगवेगळे. ताईला आजी-आजोबा एका ओळीत हवे होते. त्या हट्टाचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. घरात सांगत आले की लग्न बोटीत बसण्याआधी, तिकडे मूळ गावीच झालं. पण लग्नाच्या फोटोमागे शिक्का इथल्याच स्टुडिओचा, आणि आमचे बाबा जन्मले बोट लागल्यावर तीनच महिन्यांनी. आमच्या लहानपणी शेजारणी बोटांवर महिने मोजायच्या आणि ताईकडे बघून हसायच्या. पुढे ताईने जन्मभर त्यांचेच कपडे शिवले, पण ते हसू काही तिला उसवता आलं नाही.

“इथल्या कारखान्याला तेव्हा कामाला एकटीदुकटी माणसंच हवी असायची,” बाई म्हणाल्या. “म्हणून दोघांनी खोटं सांगितलंही असेल. पण समितीला काहीतरी दाखवायला हवं ना! थांबा, सामानाचा रकाना राहिलाय. आजोबांचं सामान... एक वळकटी, शिवणयंत्राचा वरचा भाग.”

“वरचाच?” ताईने विचारलं.

“एवढंच लिहिलंय.”

माझी पंचाईत झाली. आजोबांनी अख्खं मशीन डोक्यावर घेऊन, एका हाताने पोहत बोट गाठली, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं.

“आणि आजीचं?” ताई पुढे झुकली.

बाईंनी पान उलटलं. “एक पेटी. आणि... शिवणयंत्राचा लोखंडी स्टँड, पायडलसकट.”

 ताई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

“अगं बाई! याच्याकडे डोकं आणि हिच्याकडे पाय! अनोळखी माणसं कधी मशीन वाटून घेतात का? हा हरवला असता तर ही नुसतं पायडल मारत बसली असती? आणि ही मागे राहिली असती, तर हा काय हवेत शिवणार होता? याला संसार म्हणतात, बाई. लिहा तुम्ही.”

“लिहिते, मावशी. समितीशी मी भांडते.”

“लग्न मात्र अजून सिद्ध झालेलं नाही हं,” मी म्हणालो.

ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. गुडघे गेले तरी नेम शाबूत.

फलक लागला. ओळ एकच, नावं दोन. ताईने ती दोनदा वाचली आणि या खेपेला चष्मा खरंच पुसावा लागला. मी मात्र खट्टू झालो होतो. खऱ्या गोष्टीने माझ्या गोष्टीवर मात करावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

घरी आल्यावर ताईने आजी-आजोबांच्या त्याच मशीनवरचं कापड काढलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते मशीन बंदच होतं.

“बस समोर,” ती म्हणाली. “मी शिवते, तू पाय मार.”

“मला काय मिळणार?”

“एक थाप ऐकून घेईन. मध्ये न बोलता.”

मी पलीकडे स्टूल ओढलं आणि पायडलवर पाय ठेवले. पट्टा कुरकुरला, चाक उलटं फिरलं. ताईने तळहाताने ते सुलटं केलं, आणि शिवलेलं कापड हळूहळू माझ्या बाजूला यायला लागलं.