म्हातारीची कर्णफुलं

"अगं, हस की! सिनेमा विनोदी आहे!" काचेपलीकडून दिग्दर्शक तोलेगेन ओरडला.

झौरे पडद्यावरच्या नायिकेला कझाक आवाज देत होती. ही नायिका मोठी अपशकुनी. ज्याच्याबरोबर सहज म्हणून रात्र काढावी, तो आठवड्याभरात मरायचा. तरी ती प्रत्येकाला हसत बजावायची, "आपलं काही ठरलेलं नाही हं!" नेमकं तेच वाक्य झौरेला हसत म्हणता येत नव्हतं.

नायकाचा आवाज केंझेबेकचा. झौरेचं त्याच्या घरी जाणंयेणं होतं, आणि त्यांचंही काही ठरलेलं नव्हतं. चाळिशीच्या बाईला एवढं पुरे, असं ती स्वतःला सांगायची. पण ते पुरत नव्हतं.

गेल्या रविवारी त्याची आई गावाहून न कळवता आली. स्वयंपाकघरात ओल्या केसांची झौरे! म्हातारीने तिला जवळ बोलावलं. आपल्या कानांतली चांदीची कर्णफुलं काढून तिच्या कानांत घातली. कझाकांत सासूने कर्णफुलं घातली की मुलगी त्या घरची झाली.

"राहू दे गं," केंझेबेक नंतर हसला, "तिला बरं वाटलं ना!"

झौरेने ती झोपतानाही काढली नाहीत.

आता स्टुडिओत त्याचा फोन वाजला. आई गेली होती.

"घ्या! सिनेमातलं मरण पत्ता चुकलं," तो म्हणाला, आणि हसता हसता रडायला लागला.

अंत्यविधीला दोघं गावी गेली, तेव्हा बायकांनी कर्णफुलं ओळखली. झौरेच्या गळ्यात पडून त्या रडल्या आणि तिला सुनेच्या जागेवर, चहाच्या सामोवारापाशी बसवलं. इतक्या वर्षांत कुणी तिला 'ही तुझी जागा' म्हटलं नव्हतं.

दुपारी केंझेबेकने तिला अंगणात गाठलं.

"कानातलं दे. बहिणीला हवंय. उगाच लोकांचा गैरसमज नको."

"आईंचाही गैरसमजच झाला होता?"

"झौरे, तुला माहीत होतं सगळं."

"होतं," ती म्हणाली.

कर्णफुलं त्याच्या हातावर ठेवून तिने डोक्यावरचा रुमाल कानांवर ओढला. हंबरडा फोडावासा वाटत होता, पण आता कुठल्या नात्याने रडणार?

आत एका म्हाताऱ्या मावशीने चहाची वाटी पुढे केली. "सूनबाई, चहा दे. थोडाच घाल हो! काठोकाठ भरलीस तर समजेन, मला घालवतेयस."

झौरेने थोडाच घातला. सगळ्यांना तसाच दिला. मग एक रिकामी वाटी स्वतःपुढे घेऊन ती काठोकाठ भरली.